वेतनेतर

साडेचारला मेल आली : अनुदान वितरित.
मागणीच्या अठ्ठावीस टक्के,
आणि आजच खर्ची टाका, नाहीतर समर्पित करा.
समर्पित हा शब्द सरकारात फार स्वस्त.
देवळात त्याला निदान एक फूल तरी लागतं.

मी वरिष्ठ लिपिक, लेखा शाखा, शिवाजीनगर.
शेती मला कळते ती लेखाशीर्षापुरती.
एक म्हणजे वेतन, ते येतं.
एकतीस म्हणजे वेतनेतर, म्हणजे उरलेलं सगळं :
डिझेल, पोटॅश, खुणेच्या पत्र्याच्या चकत्या,
हौसाबाई गिरम्यांची रोजंदारी
आणि तांबेऱ्याला न भिणारं अंजीर,
जे अजून व्हायचंय.

पंप जानेवारीत जळला.
दुरुस्तीचं बिल कोषागारातून तीनदा परत.
एकदा शिक्का पुसट म्हणून,
एकदा तारखेसाठी,
तिसऱ्यांदा लाल शाईत :
‘मोटार असा उल्लेख आहे, सबब
वाहनदुरुस्तीची पूर्वपरवानगी जोडावी.’
मी हसलो. मग खुलासा टाईप केला,
की ही मोटार कुठे जात नाही,
विहिरीवर बसून असते.

तोवर हौसाबाई कॅनने पाणी घालत होत्या.
एकशे साठ झाडं.
मेट्रोच्या सावलीतल्या ओळीला थोडं कमी.

डॉक्टर खैरमोडे बाईंचं या प्रयोगाचं नववं वर्ष.
प्रस्ताव मात्र दर वर्षी नवा.
‘झाडांना सांगू का,’ त्यांनी एकदा विचारलं,
‘एप्रिलपासून पुन्हा पहिलीत बसा म्हणून?’
त्या चिडल्या की फार हळू बोलतात.

विस्तारचे थोपटे सर एसटीने दिव्याला जातात.
जीप दिवाळीपासून विटांवर आहे.
मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या गुट्या,
कंडक्टर म्हणतो, लगेज घ्या.
त्या तिकिटाचं बिल सर लावत नाहीत.
फॉर्म तिकिटापेक्षा महाग पडतो.
पारावर माणसं विचारतात, नवं रोप कधी?
सर म्हणतात, पुढच्या वर्षी.
हे त्यांनी इतक्यांदा सांगितलंय
की हल्ली त्यांच्या आधी पोरंच सांगतात.

पाच वाजून गेले. सर्व्हर गोल गोल फिरतोय.
अठ्ठावीस टक्क्यांत दोन तासांत काय घेता येतं?
खुर्च्या येतात. टोनर येतो.
एक बॅनर येतो, ‘शेतकरी मेळावा’, तारीख मोकळी.
मजुरी येत नाही, तिला हजेरीपट लागतो
आणि हजेरीपटावर ज्यांची सही हवी
ते मंत्रालयात गेलेत, अनुदान मागायला.

तेवढ्यात हौसाबाई दारात.
पैशांचं विचारायला आल्या असं वाटून
मी मान वर केली नाही.
त्यांनी फाईलवर एक अंजीर ठेवलं.
‘सातवी ओळ, अकरावं झाड.
औंदा पावसाळ्यात याच्या पानाला डाग नाय.
बाई म्हणल्या, कुणाला बोलू नका अजून.
तुम्ही कुणाला सांगताय!’

फोडलं.
उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात;
त्याच्या या भावकीतही फूल आतच,
गच्च, लालसर, हजार तोंडांचं,
सगळं आत उरकून घेतलेलं.
खाल्लं. दातांत बिया कचकचल्या.

उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना समोर :
‘प्रमाणित करण्यात येते की
सदर रक्कम ज्या प्रयोजनार्थ मंजूर झाली
त्याच प्रयोजनार्थ…’
बोट की-बोर्डवर चिकटलं.

परत आलेल्या बिलाच्या पाठीवर मी लिहून ठेवलं :
७/११.
आणि खाली, सवयीने, पेन्सिलीत :
पावती नाही.