जड पाणी

पालेर्मोत, चौथ्या मजल्यावर,
क्रोचिफिस्सा आदल्या रात्रीच चणे भिजवते,
तरी शिजत नाहीत.
“पाणीच जड,” म्हणते,
भांडकुदळ शेजारणीचं नाव घ्यावं तशा सुरात.

गास्पारे प्लंबरनं वॉशिंग मशीनचा हीटर काढून
ओट्यावर ठेवला:
पांढरा, खडबडीत, बोटभर थर चढलेला.
“डोंगर आहे हा, मावशी. नळातून येतो.”

तिनं नखानं एक खपली काढली.
नवरा तीस वर्षं त्याच डोंगराच्या खाणीत.
संध्याकाळी दारातच अंग झटकायला लावायची त्याला,
“बाहेर! धूळ सगळी बाहेर!”

“व्हिनेगर द्या, तासाभरात विरघळेल.”

बाटली समोरच्याच फळीवर होती.
“संपलंय,” ती म्हणाली,
आणि चण्यांखालचा गॅस
उगाच मोठा केला.