करंगळी

मशीद बंदरच्या गाळ्यात, हळदीच्या पोत्यांपुढे
दोन तराजू होते, दोन माणसं,
आणि शिकाऊ पोराला बसायला
दोन्हीकडे जागा.

लखमशीभाई तोलायच्या आधी
रिकाम्या पारड्यात फुंकर घालायचे.
दिवसातून दोनशे वेळा, दोनशेही वेळा.
म्हणायचे, कालची धूळ
आजच्या गिऱ्हाइकाच्या माथी कशाला?

गोलतकर फुंकायचा नाही.
त्याची करंगळी पारड्याच्या कडेला
नुसती टेकायची,
माशी बसावी तशी,
आणि काटा थांबला की उडून जायची.
वेलदोड्यात पाच ग्रॅम. कधी सात.

मी गोलतकरशेजारी बसलो.

कुणी बसवलं नाही मला.
त्याच्या रुमालाला कोलन वॉटरचा वास होता,
दुपारी तो स्वतःच्या पैशाने सोडा पाजायचा
आणि गेलेल्या गिऱ्हाइकाची अशी नक्कल करायचा
की मिरचीचं पोतं न फोडता डोळ्यांत पाणी.
लखमशीभाई जेवताना बोलत नसत.
एकोणिसाव्या वर्षी
न बोलणारा माणूस म्हणजे बंद पंखा.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, म्हणतात.
बैलांचं ठीक आहे.
बैलाला कुणीतरी बांधतं.
माझं दावं माझ्याच हातात होतं,
गाठ मी मारली,
वर दोनदा ओढून बघितली.

माप मात्र मी कधी मारलं नाही.
सचोटी म्हणून नव्हे, धीर झाला नाही.
तेवढ्यावर मी स्वतःला
बरेच दिवस चांगला समजत होतो.
तोवर गोलतकर तराजूवरून उठून
माझ्या बोलण्यात येऊन बसला होता.
कुणाचं कौतुक निघालं
की माझ्या नाकातून त्याचं ते ‘हं’.
मुलीने पगार सांगितला, हं.
शेजाऱ्याचा पोरगा पास झाला,
हं, कितव्या खेपेला?

मग घोडपदेवच्या खोलीची वाटणी निघाली.
दिगंबर समोर बसला होता, धाकटा.
म्हणाला, आईचं दुखणं मी काढलं, दादा.
मी म्हणालो, औषधांचे पैसे कुणी दिले?
वाक्य खरं होतं. पावत्या होत्या.
शालन माझ्याकडे नाही,
टेबलाकडे बघत होती.
काचेच्या कडेला माझी करंगळी
टेकलेली. दाबून.
नखाखाली पांढरी पडलेली.

गोलतकर जाऊन अकरा वर्षं झाली होती तेव्हा.

लखमशीभाई त्याच्याही आधी गेले.
नसलेल्या माणसाशेजारी
जाऊन बसता येतं का?
येतं. अवघडून.
गुडघे दुखतात, कुणी सोडा पाजत नाही,
आणि ते अजूनही बोलत नाहीत.

चार महिन्यांनी दिगंबरला फोन लावला.
लावायच्या आधी रिसीव्हरवर फुंकर मारली,
वेड्यासारखी.
म्हणालो, आठ महिने तू आईचं भांडं उचललंस.
त्याची पावती मिळत नाही कुठे.
तो गप्पच.
मागे त्याच्या कुकरची शिट्टी झाली.
मग म्हणाला, जेवलास का?

आता हे असं जडलंय.
कुणाबद्दल मत द्यायचं झालं
की आधी ओठांचा चंबू होतो.
शालन हसते. कधी फुंकर पडते,
कधी आधीच ‘हं’ सुटलेलं असतं.
एक लक्षात आलं तर चार निसटतात.
भाव तोच आहे, तेजी-मंदी नाही.

परवा भांडुपच्या घरी नात आली.
टेबलाला चार खुर्च्या, तीन मोकळ्या,
तरी ती माझ्याला खेटून बसली.
भात वाढण्याआधी वाकली
आणि रिकाम्या ताटात, फू.
हे काय गं?
तुम्ही करता ना.

बरं वाटलं. खोटं का बोलू,
छातीत पोतं सैल झाल्यासारखं.
तिचा उजवा हात ताटात होता.
डावा टेबलाच्या कडेला,
पाण्याच्या तांब्यामागे.

तांब्या मी अजून बाजूला सरकवलेला नाही.