समासातलं वाक्य

ट्रंक बोर्डावर माझी रात्रपाळी असायची.
गोंदिया बोला, हां बोला, तीन मिनिटं झाली...
अर्ध्या नागपूरला माझा आवाज ओळखीचा,
तोंड कुणालाच नाही.
म्हणून पांढरीपांडे साहेबांनी मला प्रॉम्प्टर केलं.
“तुम्हाला सवयच आहे,” म्हणाले,
आणि हातात संहिता ठेवली. जांभळ्या कार्बनची चौथी प्रत,
तिच्यात ‘सासरा’ आणि ‘सारा’ एकसारखेच दिसायचे.

टेलिफोन खात्याचं करमणूक मंडळ.
नाटक ‘सासऱ्यांची अदलाबदल’, तीन अंकी, निखळ विनोदी
(असं हँडबिलावर होतं, साहेबांना खात्री नव्हती).
गोष्ट मुंबईच्या ब्लॉकमधली,
म्हणजे खिडकीबाहेर समुद्र हवा.
आमच्यातल्या कुणीच तो पाहिलेला नव्हता.
बारापात्रे पेंटर फुटाळ्यावर जाऊन बघून आला
आणि त्याने पाणी तेवढं वाढवलं.

तालीम एक्स्चेंजच्या गच्चीवर, थंडीत,
साहेबांच्या तोंडापर्यंत मफलर.
तीन महिने ते मुख्यतः एकच काम करत होते,
लांजेवार लाइनमनच्या तोंडातलं ‘येऊन राहिलो’ काढून
तिथे ‘येतो आहे’ बसवायचं.
तो दिवसा खांबावर चढून पाठ करायचा,
येतो आहे. जातो आहे. आपण कोण?
खाली सीताबर्डी मान वर करून बघायची.

तिसरा अंक. रंगमंचावर उमाठे एकटा,
दाराकडे बघत, “आपण? इतक्या अवेळी?”
दार उघडत नाही.
आदल्या रात्रीचा ऑइल पेंट डिसेंबरात वाळलाच नव्हता,
चौकटीला धरून बसला होता.
उमाठे पुन्हा, “आपण? इतक्या अवेळी?”
मी पान उलटलं. परत मागे उलटलं.
सगळ्यांना द्यायला माझ्याकडे वाक्यं होती,
दाराला द्यायला नव्हतं.

आणि दारामागून,
खांबावरून खालच्याला हाक मारायचा तो आवाज,
“अबे उमाठ्या, दार काऊन नाही उघडून राहिलं बे!”

क्षणभर कुणी हललं नाही.
मग मागच्या खुर्च्यांतून सुरू झालं.
दोन अंक रुमालाआड बेताने हसलेली माणसं
आता पाय आपटत होती.
लांजेवार खिडकीतून आत आला.
म्हणजे समुद्रातून.
कोरड्या चपलांनी, गुडघ्याला निळा रंग,
आणि उमाठेला म्हणाला, अगदी शुद्ध,
“येतो आहे.”

नंबर आला नाही.
परीक्षकांचा शेरा होता, भाषेकडे लक्ष द्यावे.
साहेब आठवडाभर कॅन्टीनला फिरकले नाहीत.
मी ते वाक्य पेन्सिलीने समासात लिहून ठेवलं, पान एकसष्ट,
नाहीतर पुढे कुणीतरी म्हणालं असतं, असं काही झालंच नव्हतं.
सेटचा लिलाव झाला. समुद्र कुणी घेतला नाही.
दार लांजेवारने नेलं, अकरा रुपयांना.

परवा त्याच्या घरी गेले, नंदनवनला. तेरवी होऊन गेली होती.
देवकाबाईंनी चहा दिला. बोलण्यासारखं लवकरच संपलं.
पाय धुवायला मागे गेले तर
न्हाणीला तेच दार.
वरून पत्रा ठोकलेला, पण कडेला
बारापात्रेचा चॉकलेटी रंग अजून होता.
आत गेले, ओढून घेतलं,
आणि ते बसलं.
ढकललं. खांदा लावला. हलेना.
बाहेर भांड्यांचा आवाज.
जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घातले मी, तेही कुजबुजून.
घसा खाकरला,
आणि पान एकसष्ट, समासातलं,
जितकं मोठ्याने येईल तितकं.

बाहेर एक गंज पडला. गडगडत गेला, थांबला.
नंतर बराच वेळ काहीच नाही.
आणि मग हसणं, तोंडात पदर कोंबूनही न मावणारं.
“खालून लात मारा लागते त्याले,” देवकाबाई म्हणाल्या,
“डाव्या बाजूनं.
हे नव्हतं का तुमच्या पुस्तकात?”