दोन ग्रॅम

निळी गाडी पुण्याहून आली तेव्हा
तिच्या शेपटीवर पंख होता
आणि कांड्या भरणाऱ्या सगळ्या बायका
अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडच्या दारात.
मेहबूब नदाफ बॉनेटमध्ये अर्धा शिरून म्हणाला,
"चारी चाकं ओढतात, मॅडम.
एक घसरलं तर तीन धरतात."

हे मला नको सांगू, म्हटलं.
साखर पेठेत अम्मा, दोन अत्त्या आणि मी
एका दिव्याखाली विड्या वळायचो,
एकीचं बोट सुजलं
की तिचं हजार
उरलेल्या तिघींच्या सुपात पडायचं.
कुणी बोलायचंही नाही.

काळी जर्मन दुसऱ्या दिवशी.
दार लागलं: धप्प.
बँकेच्या लॉकरचं लागतं तसं.
टायवाला पोरगा सांगत राहिला
घोडे किती, शंभरला सेकंद किती,
मी सीटवरून हात फिरवत होते.
सवय. दुसरं काय.
कातडं. टाका सरळ, इंचाला सात,
एकही चुकलेला नाही.
निळीच्या सीटला कापड होतं.
चिमटीत ओढून पाहिलं तर बाणा सैल.
असला माल मी सेकंडमध्ये काढला असता.

दीर म्हणाले, "वहिनी, दारात जर्मन दिसली
की सूतवाला महिनाभर उधारीचं नाव काढत नाही."
हैदराबादहून पोरीचा फोन :
"अम्मा, तू चालवणार आहेस
की मागे बसणार आहेस?"
दोघांनाही म्हटलं, बघू.

मग निळी घेऊन तुळजापूर रस्त्याला लागले.
हिप्परग्याचं तळं गेलं, उळे गेलं,
पुढच्या वळणावर ट्रॅक्टरनं सांडलेली
ओली काळी माती, लोण्यासारखी.
ब्रेक मारायला हवा होता.
पाय दाबला गेला दुसऱ्याच पावडीवर.
गाडी क्षणभर विचारात पडली, आणि मग
ताणा सारखा बसल्यावर माग जसा
खडखड सोडून सुरात येतो, तशी
वळणातून सरळ निघून गेली.
"नाचूलाली की ओ!" मेहबूब ओरडला.
मी काही बोलले नाही.
पायाला नायनाचा खड्डामाग आठवत होता,
त्यांची टाच, भेगाळलेली,
वर खाली, वर खाली,
आणि खड्ड्याच्या काठावर लोंबणारे माझे पाय
त्याच तालात हवेला दाबणारे.

तरी घेतली काळीच.

कारण सांगितलं तर हसाल.
चार वर्षांपूर्वी हॅम्बुर्गहून
आमचा अख्खा कंटेनर परत आला.
पाचशे ग्रॅमचा टॉवेल ठरला होता,
भरला चारशे अठ्ठ्याण्णव.
त्या रात्री मी मराठीत शिव्या दिल्या,
मग तेलुगूत,
जर्मन येत नव्हती म्हणून थांबले.
पण दोन ग्रॅम ज्यांच्या बोटांना कळतात
त्यांनी आवळलेल्या नटावर
माझा विश्वास बसला तो बसलाच.
रागातून बसलेला विश्वास
सहसा ढिला होत नाही.

आता मे महिना. चव्वेचाळीस.
शेडबाहेर उभी राहून ती तापते,
ते सुबक, इंचाला सात टाक्यांचं कातडं
मांडीला तव्यासारखं लागतं.
कंपनीच्या पुस्तकात यावर काही दिलेलं नाही.
मी त्यावर टॉवेल अंथरलाय,
परत आलेल्या लॉटमधलाच.
घाम छान टिपतो.
दोन ग्रॅम कुठं कमी आहेत
ते मला अजून सापडलेलं नाही.

परवा सात रस्त्याला सिग्नलवर उभी होते.
शेजारी ती निळी. तोच पंख.
आत विशीतला कुणी, गॉगल,
मागच्या सीटवर शेंगाचटणीचे पुडे.
माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.
दिवा हिरवा झाला,
तो गेला.
मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते
आणि माझी उजवी टाच
एकटीच
वर खाली, वर खाली.