पाण्याचं बूच

इसाक मिस्त्रीनं आधी जागा बघितली नाही.
मोरीमागं उकिडवा बसून चेंबरचं झाकण उचललं,
आत बॅटरी मारली आणि म्हणाला,
"वैनी, किती वर्षांचे रविवार हायत ह्यात?"

चरबी. पांढऱ्या रश्श्याची, तांबड्याची,
पाइपाच्या पोटाला मेणासारखी थिजलेली.
चार इंची पाइपात बोटभर वाट उरली होती.
मी पदर सावरला,
कुणी माझं कपाट उघडल्यासारखा.

राजारामपुरीत, बाराव्या गल्लीत,
घरावर दुसरं स्वयंपाकघर चढवायचं म्हटल्यावर
लोक म्हणाले, फुटले.
फुटलो नव्हतो.
सून हुपरीची. त्रिशला.
दिवस मावळायच्या आत जेवणारी,
कांद्यालाही हात न लावणारी,
आणि आमच्या रणधीरसाठी ह्या घरात आलेली.
दोन वर्षं माझ्याच ओट्याचा एक कोपरा
तिनं धुऊन धुऊन वापरला.
तिथली फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ झाली.
ती मला रोज दिसायची.
एक दिवस मीच म्हटलं, वर बांधू.

मिस्त्री दोन दिवस नुसता मोजत होता.
"टाकी डोक्यावर चारच फूट. नळाला धार न्हाई यायची,
टाकी उचलायला लागंल."
"स्लॅबला भोक पाडतो, बीमला हात लावणार न्हाई,
साहेबांनी सांगितलं तरी."
"चार फुटाला एक इंच उतार. कमी दिला तर पाणी तुंबतंय.
लई दिला तर पाणी पळतंय, खरकटं मागं ऱ्हातंय."

त्रिशला आसपास नाही बघून मी विचारलं,
तिचं पाणी आणि माझं पाणी
वेगळं काढता येईल का? पार रस्त्यापर्यंत?
त्यानं कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली.
"काढू की. पाइप जाईल जास्तीचा.
पण रस्त्याखाली लाईन एकच हाय, वैनी.
थितं कुणाकुणाला इचारत बसणार?"

ती जिन्यात उभी होती. हातात टेप.
"आई, खाली मिसळलं तर मिसळू दे.
फक्त वास वर यायला नको."

मग मिस्त्रीनं तिच्या सिंकखाली
वाकडा पाइप बसवला, हंसाच्या मानेसारखा.
"हितं कायम गिलासभर पाणी ऱ्हातंय.
ह्येच बूच. खालचा वास हितं अडतोय."
शेजारून एक हवेचा पाइप गच्चीच्या वर नेला,
"न्हाईतर बादली सोडली की जाताना बूचबी ओढून नेतंय."
आणि माझ्या ओट्याखाली चरबी अडवायचा डबा.
"दर सोमवारी उघडायचा.
तुमचा रविवार तुम्हीच काढायचा, वैनी."

पहिल्या दिवशी त्रिशलानं नळाच्या तोंडाला
पांढरं फडकं बांधलं आणि दूध उतू घातलं.
मी दारातच थांबले.
तिनं आत ये म्हटलं, तेव्हा गेले.

फाल्गुनात ती बाळंतपणाला हुपरीला गेली.
चैत्रातल्या एका रविवारी
गच्चीवर सांडगे बघायला म्हणून चढले,
तिचं दार उघडलं,
आणि आत माझं मटण.
भांडं नाही, शेगडी थंड,
ओटा कोरडा खडखडीत,
आणि सिंकच्या जाळीतून
माझाच मसाला माझ्या तोंडावर.

बूच आटलं होतं.

आता दर दोन दिवसांनी वर जाते.
ऊन असतानाच.
खुंटीवरचं तिचं फडकं नळाला बांधते,
वीस आकडे मोजेपर्यंत पाणी सोडते,
फडकं पिळून पुन्हा खुंटीला.
गटारात जायचं पाणी गाळणारी बाई
मिस्त्रीनं बघितली तर हसेल.
हसू दे.

काल तिचा फोन आला. मुलगी झाली.
रणधीर ओरडत जिना उतरला,
मी गडबडीत नळ बंद करायला विसरले,
परत वर गेले, बंद केला.

आज सोमवार.
डबा उघडायचाय.