दत्तकपत्र

मालकांनी कुनिहिकोला दत्तक घेतलं
तेव्हा तो एकेचाळीस वर्षांचा होता,
दोन मुलींचा बाप, आणि डावा गुडघा दुखरा.
नगरपालिकेच्या खिडकीतून कागद मीच आत सरकवले.
बाईनं शिक्का मारला, "अभिनंदन" म्हणाली.
कोणाला, ते आम्हा तिघांनाही कळलं नाही.

सख्खा मुलगा, शिगेआकि, बाहेर व्हॅनमध्ये बसला होता.
पिंपांच्या वासानं त्याला लहानपणापासून मळमळतं.
सोयासॉसच्या घराण्यात ही गोष्ट
आम्ही इतकी वर्षं बाहेर फुटू दिली नाही.

ताकामात्सुहून पहिल्या बोटीनं बँकेचे साहेब आले.
म्हणाले, रचनेचा तक्ता हवा : कोण कोणाच्या हाताखाली.
मी पट्टी घेऊन चौकटी आखल्या.
वर मालक, मग कुनिहिको,
खाली अकरा माणसं, एक व्हॅन.
"चार-चार वर्षं माल पडून? कुठंतरी पाणी मुरतंय."
पाणीच कशाला साहेब, मी म्हटलं,
गहू, मीठ, सोयाबीन,
सगळंच मुरतंय. तोच तर धंदा आहे.

कोठारात नेलं त्यांना.
बासष्ट देवदारी पिंपं,
तुळयांवर काळा थर, शंभर वर्षांचा, जिवंत.
इथं झाडू मारायला मनाई आहे.
हा हुकूम कोणी काढला, वहीत नोंद नाही;
मालकसुद्धा इथं आवाज उतरवतात.
साहेबांनी तक्ता पाहिला, मग छत,
आणि पेन खिशाला लावलं.
कर्ज मात्र अर्धंच मंजूर झालं.

सोमवारी मालकांनी घराण्याचा शिक्का पुसून
कुनिहिकोच्या तळव्यावर ठेवला.
मंगळवारी पहाटे पाचला ते नेहमीसारखे आले
आणि दाराशी नुसते उभे राहिले.
बुधवारीही.
कुनिहिको त्यांना चुकवून मागल्या दारानं यायचा.
एक माणूस बोलेनासा झाला की अकरा कुजबुजतात;
तेवढ्यात दोन पिंपं ढवळायची राहिली.

शुक्रवारी तो पुढल्या दारानं आला.
भिंतीवरचं लांब वल्हं काढून त्यांच्यापुढं धरलं.
आवाज चिरकला :
"बाबा, नऊ नंबर. सावकाश ढवळा."
मालक शिडी चढले.

महिनाअखेर मी वही उघडली.
पगाराच्या रकान्यात, बाराव्या ओळीवर
लिहिलं : तोकुझो हिराओका, दिवस सात.
समोर कुनिहिकोचा शिक्का घेतला,
जरा वाकडा उमटला.
मिठाचा भाव पुन्हा वाढलाय,
तेही त्याच पानावर आहे.