वजन कोठे शे

धरणगावात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
रात्री दहाला माझी ड्यूटी सुरू होते.
खेळाची नवी आवृत्ती उतरवून घ्यायची
आणि माणसं पाडायची.
दोन्ही टोकांना निमुळता, शेंदाडासारखा चेंडू
काखेत दाबून कुणी पळत सुटतो,
दुसरा त्याच्या कमरेत घुसतो.
मी बघायचं ते एवढंच
की पडणारा नीट पडला का.

नीट पडत नाहीत.
गुडघा गवतातून आरपार जातो.
एकदा एकाचं कोपर
दुसऱ्याच्या छातीत रुतून राहिलं
आणि दोघं तसेच पळत राहिले, शेवटच्या रेषेपर्यंत.
मी फॉर्म भरते. तीन रकाने :
काय घडलं.
काय घडायला हवं होतं.
पुन्हा घडवून दाखवता येतं का.

लोटनमामा जिनिंगवरून सुटला की येतो,
भुवयांवर कापसाचा भुरा,
पालथ्या बादलीवर बसतो, डावा पाय लांब सोडून.
या खेळातलं त्याला काही कळत नाही.
गुण सहा का, सात का,
मध्येच सगळे घोळका करून कुजबुजतात कशाला,
विचारत नाही.
तिसऱ्या रात्री म्हणाला,
"धक्का लागाना पहिलेच पडी ग्या हाऊ.
वजन कोठे शे याना आंगमा?"

मी मागे नेऊन पाहिलं, एकेक चित्र थांबवत.
खरंच. खांदा अजून चार बोटं लांब होता.

मग त्याने मला उभं केलं.
माझा तळवा स्वतःच्या बरगडीखाली ठेवला. ढकल.
ढकललं. गठाणीला ढकलावं तसं.
एक बोंड फुंकरीने उडतं,
आणि तेच दाबून दाबून बांधलं
की चार माणसांना हुक लावावे लागतात,
हे तो रोज बघतो, त्यात त्याला नवल नाही.
"आते," म्हणाला, आणि श्वास सोडला.
तेवढ्यात तो गेला, सहज, भिंतीपर्यंत.
कबड्डी म्हणत शिरलेला गडी
दम संपताना असाच जातो, म्हणे.
तोवर थांबायचं. आधी हात घालायचा नाही.

मी लिहिलं : श्वास सोडलेल्या खेळाडूचे पाय
जरा लवकर सुटायला हवेत.
पलीकडून उत्तर आलं : रोचक. घाई नाही.

पोळ्याच्या आसपास मोठी आवृत्ती आली.
आता वजन होतं.
टाच आधी रुतायची, कंबर मागून वळायची,
ओल्या मैदानावर पाय सरकायचा,
चेंडू कुठल्याही बाजूला टप्पा घ्यायचा, मनाला येईल तसा.
मामा खूश. मान हलवत राहिला,
जशी चांगल्या बैलाकडे बघून हलवतात.

मग अठ्ठावीस नंबरचा एक जण
दोघांच्या मध्ये सापडला.
वरचं अंग वळलं, खालचा पाय राहिला तिथेच.
मामाचा हात स्वतःच्या गुडघ्यावर गेला.
चोपड्याची स्पर्धा, मुरमाचं मैदान, उपांत्य सामना,
याहून जास्त आमच्या घरात कुणी कधी बोललेलं नाही.

पडद्यावर तो पडून होता.
बाकीचे कमरेवर हात ठेवून उभे.
मी बटण दाबलं.
अठ्ठावीस नंबर पुन्हा रांगेत, पुन्हा वाकलेला,
पुन्हा पळाला, दोन्ही पायांवर सारखा.

"ऊठी ग्या?"
थोडा वेळ गिरणीच्या पट्ट्याचाच आवाज.
"हाई चुकीचं शे. लिखी टाक."

काय घडलं : उठला.
काय घडायला हवं होतं,
या रकान्यावर माझी बोटं थांबली.
तोवर मामा निघाला होता.
मी हेडफोन काढला
आणि जिना ऐकत बसले :
एक पायरी, थांबा,
कठड्यावर हात, एक पायरी.
किती भार कुठल्या पायावर,
ते मोजत.